आधी दार, मग वार: प्रशांत महासागरातल्या बेटांचा प्रवास कसा आखावा

नकाशा उघडला की टोंगाची वावाउ बेटं आणि निऊए अगदी शेजारी दिसतात. अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे विमानाला तासाभराचं काम. पण तसं विमानच नाही. निऊएला नियमित प्रवासी विमान येतं ते फक्त ऑकलंडहून, सुमारे २,४०० किलोमीटरांवरून. टोंगातून निऊएला जायचं तर आधी खाली न्यूझीलंड गाठायचं आणि तिथून पुन्हा वर यायचं. चार हजार किलोमीटरांहून मोठा वळसा.

म्हणून या समुद्रातला प्रवास आखताना नकाशा सगळ्यात शेवटी उघडावा, असं माझं ठाम मत आहे. आधी दार ठरवायचं: कोणत्या विमानतळावरून आत शिरायचं आणि तो विमानतळ आपल्या पासपोर्टला चालतो का. मग वार बघायचा: विमान आठवड्यात कोणत्या दिवशी सुटतं. बेटांचा क्रम या दोन गोष्टींतूनच ठरत जातो. हा लेख भारतीय पासपोर्टवर मुंबईहून निघणाऱ्यांसाठी आहे. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक मार्ग अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट गृहीत धरून आखलेले असतात. ते जसेच्या तसे उचलले तर चेक-इन काउंटरवरच अडकायला होतं.

पहिली पायरी: एका वेळी एकच भाग

प्रशांत महासागरातल्या बेटांपैकी १२ देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. शिवाय कुक बेटं आणि निऊए, फ्रान्सच्या ताब्यातले न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया, अमेरिकेचे ग्वाम आणि अमेरिकन सामोआ, हेही आहेत. एका सुट्टीत हे सगळं जोडायचा मोह होतो, तो टाळा. विमानांच्या सोयीने बघितलं तर या समुद्राचे तीन भाग पडतात.

मधला भाग फिजीभोवतीचा. फिजीतल्या नांदी विमानतळावरून सामोआ, टोंगा, तुवालू, व्हानुआतू, किरिबातीची राजधानी तारावा आणि सॉलोमन बेटांची होनियारा, इतक्या ठिकाणी फिजी एअरवेजची विमानं जातात. पूर्वेकडचा भाग कुक बेटं, निऊए आणि ताहितीचा. त्याची मुख्य दारं ऑकलंड आणि ताहितीतलं पापीते. उत्तरेकडचा भाग मायक्रोनेशियाचा: मार्शल बेटं, मायक्रोनेशिया संघराज्य, पलाऊ. तिथली सूत्रं होनोलुलू आणि ग्वामच्या हाती आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्या भारतीयाने मधलाच भाग घ्यावा. का, ते पुढच्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: देशाचा व्हिसा नव्हे, दाराचा व्हिसा

ही पायरी सावकाश करा, कारण पैसा आणि सुट्टी दोन्ही इथेच वाया जातात.

कुक बेटांना ३१ दिवसांपर्यंत कुठल्याही पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. निऊएला ३० दिवसांपर्यंत लागत नाही. यादीत हे वाचून आनंद होतो, पण पोहोचायचं कसं? कुक बेटांच्या मुख्य बेटाला, रारोटोंगाला, विमानं येतात ऑकलंड, सिडनी, होनोलुलू आणि पापीतेहून. भारतीय पासपोर्टवर ऑकलंडला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियालाही लागतो. तो फुकट मिळतो आणि ७२ तासांपर्यंत चालतो, पण आधी अर्ज करून घ्यावाच लागतो. अमेरिकेत तर विमानतळाच्या आतल्या आत थांबण्याची सोयच नाही. होनोलुलूला उतरलात की अमेरिकेत प्रवेश केलात, म्हणजे व्हिसा हवाच. पापीतेसाठी फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांचा वेगळा व्हिसा, त्याला युरोपचा साधा शेंगेन व्हिसा सहसा चालत नाही. देश व्हिसामुक्त, पण चारही दारांना कुलूप.

आता मधला भाग बघा. फिजीत भारतीयांना पोहोचल्यावर ४ महिन्यांपर्यंतचा प्रवेश मिळतो. सामोआत उतरल्यावर पर्यटक परवाना मिळतो, तुवालूत पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, व्हानुआतू आणि किरिबातीला पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही. आणि नांदीला जायला सिंगापूरहून थेट विमान आहे, सुमारे दहा तासांचं. सिंगापूरला विमानतळाच्या आतच विमान बदललं तर व्हिसा लागत नाही. म्हणजे मुंबई–सिंगापूर–नांदी असं गेलं तर पाच देश एकही व्हिसा आधी न काढता होतात. आपल्या पासपोर्टवर इतकी मोकळीक जगात फार कमी ठिकाणी मिळते, आणि म्हणूनच मी हाच भाग आधी सुचवतो.

एक अट मात्र काटेकोर पाळा. मुंबई ते नांदी हा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मुंबई–सिंगापूर वेगळं आणि सिंगापूर–नांदी वेगळं काढलं आणि बॅग थेट नांदीपर्यंत गेली नाही, तर ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायला सिंगापूरचा व्हिसा लागतो. स्वस्त पडतं म्हणून तिकिटं तोडायची असतील तर एक तर फक्त हातातलं सामान न्या किंवा सिंगापूरचा व्हिसा काढून ठेवा.

टोंगा, नाउरू, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनीला भारतीयांनी आधी व्हिसा काढायला हवा. नियम बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट बघाच. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने वैध हवा. आणि प्रत्येक देशात शिरताना तिथून बाहेर पडायचं तिकीट हातात हवं. ते नसेल तर विमान कंपनी बोर्डिंग पासच देत नाही. सगळ्या तिकिटांच्या छापील प्रती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण बेटांवरच्या काउंटरवर फोनला रेंज असेलच असं नाही.

तिसरी पायरी: वारांचा तक्ता

आता एक कोरा कागद घ्या. आडवे सात रकाने, सोमवार ते रविवार. उभ्या ओळीत एकेक मार्ग: नांदी ते आपिया (सामोआ), आपिया ते नांदी, फिजी ते फुनाफुती (तुवालू), फुनाफुती ते फिजी, नांदी ते पोर्ट व्हिला (व्हानुआतू), पोर्ट व्हिला ते नांदी. जाण्याची आणि येण्याची ओळ वेगळी ठेवा, कारण दोन्हींचे वार एकच असतील असं नाही. मग विमान कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या महिन्यातल्या दोन सलग आठवड्यांची प्रत्येक तारीख टाकून बघा आणि ज्या दिवशी विमान आहे त्या चौकटीत सुटायची आणि पोहोचायची वेळ लिहा. हे किचकट आहे, तासभर जातो, पण याला पर्याय नाही. तिकीट शोधणाऱ्या मोठ्या साइट्सवर बेटांवरच्या लहान कंपन्या बरेचदा दिसतच नाहीत, आणि दिसल्या तरी भलतेच वळसे सुचवले जातात.

तक्ता भरला की ज्या ओळीत सगळ्यात कमी चौकटी भरल्या आहेत, ती तुमच्या प्रवासाची खुंटी. आधी ती ठोका. बहुतेक वेळा ती फुनाफुतीची असते. गावात मुक्कामाची एसटी एकच असली की सगळे व्यवहार तिच्या वेळेने चालतात, तसा बाकीचा प्रवास या विमानाभोवती बसवायचा.

समजा, तुमच्या महिन्यात फुनाफुतीला मंगळवारी आणि गुरुवारी विमान आहे आणि ते त्याच दिवशी परत फिरतं. मंगळवारी गेलात तर गुरुवारी परत, म्हणजे दोन रात्री. किंवा पुढच्या मंगळवारी, म्हणजे सात. तीन किंवा चार रात्री हा पर्यायच नाही. हे कागदावर दिसलं की निर्णय सोपा होतो. मग आपियाचे वार बघायचे, आणि गुरुवारी परतल्यावर लगेच शुक्रवारचं विमान न धरता मध्ये किमान एक पूर्ण दिवस फिजीत सोडायचा.

तक्त्यात आणखी एक रंग वापरा, रविवारसाठी. टोंगात रविवार हा राज्यघटनेनेच पाळायचा विश्रांतीचा दिवस आहे, तेव्हा तो रकाना खोडूनच टाका. सामोआतही रविवारी चर्च आणि घरचं जेवण एवढंच असतं. बस जवळपास नसतात, दुकानं बंद. त्या दिवशी उतरणार असाल तर राहायच्या ठिकाणाहून गाडी ठरवून घ्या.

तक्ता झाल्यावर विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर गेल्या दोन आठवड्यांत ही उड्डाणं खरंच झाली का, ते बघा. वेळापत्रकात असलेलं आणि हवेत उडालेलं यांत या भागात फरक असतो.

चौथी पायरी: तारखेची रेषा

फिजी, तुवालू आणि तारावा आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, सामोआ आणि टोंगा साडेसात तास, व्हानुआतू साडेपाच. या देशांत फिरताना तारीख बदलत नाही, फक्त घड्याळ तासाभराने मागेपुढे होतं. मधला भाग निवडण्याचं हेही एक कारण.

खरा गोंधळ पूर्वेला होतो. तारखेची रेषा म्हणजे जी ओलांडली की तारीख एका दिवसाने बदलते ती. सामोआ २०११ पर्यंत या रेषेच्या पलीकडे, अमेरिकेच्या तारखेत होता. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी व्यवहार सोपा व्हावा म्हणून त्याने बाजू बदलली, आणि ३० डिसेंबर २०११ हा दिवस सामोआच्या कॅलेंडरात आलाच नाही. शेजारचा अमेरिकन सामोआ तिथेच राहिला. आता आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात साधारण अर्ध्या तासाचं विमान आहे, दोन्हीकडे घड्याळात तीच वेळ दिसते, पण तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक. किरिबातीचं ख्रिसमस बेट आणि होनोलुलू यांचंही तसंच: घड्याळ एक, दिवस वेगळा.

हॉटेलची चूक इथेच होते. रारोटोंगाहून शनिवारी निघून सुमारे चार तासांत ऑकलंडला उतरलात तर तिथे रविवार असतो. खोली शनिवारची घेतली असेल तर ती रिकामी पडून राहते आणि रविवारी तुम्ही रस्त्यावर. तक्त्यात रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रवासासमोर सुटण्याची आणि पोहोचण्याची अशा दोन तारखा, वारांसकट, लिहा. तिकिटावर छापलेली वेळ नेहमी स्थानिक असते, त्यामुळे स्वतः हिशोब करण्यापेक्षा ती जशी आहे तशी उतरवून घ्या.

एक मार्ग, प्रत्यक्ष

तीन आठवडे हातात आहेत असं धरून फिजी, तुवालू, सामोआ, व्हानुआतू हा मार्ग कसा बसतो, ते पाहू.

नांदीला उतरल्यावर पहिले दोन दिवस तिथेच काढा. थकवा जातो आणि मुंबईचं विमान चुकलं, उशिरा आलं तरी पुढचं काही कोसळत नाही. फिजीत भारतीय माणसाला परकं वाटत नाही. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास जहाजातून पहिले गिरमिटिया मजूर आले आणि १९१६ पर्यंत साठ हजारांच्या आसपास लोक उसाच्या मळ्यांवर आणले गेले. त्यांच्या वंशजांची फिजी हिंदी आपल्याला सहज कळते, आणि रोटी, डाळ, भाजी कुठेही मिळते. शाकाहारी असाल तर पुढच्या बेटांसाठी कोरडा शिधा इथूनच घ्या.

नांदी ते सुवा दक्षिण किनाऱ्याने सुमारे १९० किलोमीटर. बसला चार तास लागतात, विमानाला अर्धा. बसने जा, रस्ता समुद्राच्या कडेकडेने आहे. फिजीच्या बससाठी प्रवासाचं कार्ड मिळतं, ते आधी घेऊन त्यात पैसे भरून ठेवा. फुनाफुतीचं विमान नांदीहून आहे की सुवाजवळच्या नौसोरीहून, हे तिकिटावर नीट वाचा. नौसोरी असेल तर आदली रात्र सुवात काढायलाच हवी.

तुवालूचं सगळं क्षेत्रफळ २६ चौरस किलोमीटर. फुनाफुतीची धावपट्टी १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने बांधली आणि आजही ती गावाच्या मधोमध आहे. विमान यायच्या वेळी सायरन वाजतो, लोक बाजूला होतात. विमान गेलं की संध्याकाळी त्याच पट्टीवर मुलं फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात, घरातली मंडळी वाऱ्याला बसतात. ते बघायला तरी एक संध्याकाळ विमान नसलेल्या दिवशीची ठेवा. इथे खोल्या मोजक्याच, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी राहायच्या जागेचं ईमेलवर पक्कं करून घ्या. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. देशातली पहिली एटीएम २०२५ मध्ये आली आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. पूर्ण मुक्कामाची रोकड मुंबईहूनच न्या.

सामोआसाठी एक साधी पण मोठी वेळ वाचवणारी गोष्ट. फालेओलो विमानतळ राजधानी आपियापासून तासभर पश्चिमेला आहे, आणि सावाई या मोठ्या बेटाकडे जाणारी फेरी बोट जिथून सुटते तो मुलिफानुआचा धक्का विमानतळापासून अवघ्या काही किलोमीटरांवर. म्हणजे सावाईला जायचं असेल तर उतरल्या उतरल्या सरळ धक्क्यावर जा. सालेलोलोगाला पोहोचायला तास-दीड तास लागतो. परतताना आपिया करा. बहुतेक जण उलट करतात आणि तोच रस्ता दोनदा तुडवतात. गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची. सामोआने २००९ मध्ये उजवीकडून डावीकडे बदल केला.

व्हानुआतू शेवटी ठेवा, आणि जरा सैल ठेवा. मे २०२४ मध्ये एअर व्हानुआतूची उड्डाणं एकाएकी थांबली, कंपनी लिक्विडेटरांकडे गेली आणि हजारो प्रवासी अडकले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला पोर्ट व्हिलाला ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. देशांतर्गत विमानं नंतर हळूहळू सुरू झाली. तान्ना बेटावरचा यासूर ज्वालामुखी बघण्यासारखा आहेच, पण तान्नाहून पोर्ट व्हिलाला परतायचं विमान आणि तिथून नांदीला जायचं विमान यांत पूर्ण दोन दिवस मोकळे हवेत. या मार्गातल्या देशांपैकी मलेरिया फक्त इथे आहे, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. डेंग्यूचे डास मात्र सगळीकडे.

नांदीहून सिंगापूरचं विमान पकडण्याच्या आधी फिजीत किमान दोन रात्री ठेवा. वेगवेगळ्या तिकिटांवरचा प्रवास असेल तर एक विमान रद्द झाल्यामुळे दुसरं चुकलं, ही जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही.

उत्तरेकडची वाट

अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर एक विलक्षण प्रवास खुला होतो. युनायटेड एअरलाइन्सचं आयलंड हॉपर विमान होनोलुलूहून निघून माजुरो, क्वाजालीन, कोसराई, पोनपे, चूक असं थांबत थांबत ग्वामला पोहोचतं. क्वाजालीन हा अमेरिकी लष्कराचा तळ, तिथे परवानगी असलेल्यांनाच उतरता येतं. मायक्रोनेशिया संघराज्याला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, म्हणून पोनपेला उतरून नान मादोल या प्राचीन शहराचे अवशेष बघून पुढच्या विमानाने ग्वाम गाठता येतं. पण लक्षात घ्या, होनोलुलूहून बाहेर पडून ग्वामला उतरणं म्हणजे अमेरिकेत दुसऱ्यांदा प्रवेश. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. पलाऊला जायचं तर हा सगळा खटाटोप नको, तैपेईहून थेट विमान आहे आणि व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. ती वेगळी सहल समजा.

बोटींबद्दल थोडक्यात: देशादेशांत प्रवासी फेरी बोटी जवळपास नाहीतच. अपवाद तोकेलाऊचा. तिथे विमानतळच नाही, आपियाहून बोटीने एक दिवसाहून अधिक प्रवास, आणि त्याआधी परवाना. तीन आठवड्यांत हे बसवू नका.

हंगाम, सामान, विमा

दक्षिण भागात चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर उत्तम, आणि आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीचं शेपूट मे अखेरीस नेमकं तिथल्या चांगल्या हवेत जाऊन मिळतं. डिसेंबरात ऑकलंड आणि सिडनीतली सामोअन, टोंगन कुटुंबं नाताळाला घरी येतात. तेव्हा विमानात जागा मिळत नाही आणि मिळाली तर महाग.

लहान विमानांत सामानाची मर्यादा कमी असते, काही ठिकाणी प्रवाशालाही वजनकाट्यावर उभं करतात. पूर्ण प्रवासासाठी सगळ्यात कडक मर्यादा कोणत्या टप्प्यावर आहे ते बघून त्या वजनाची बॅग भरा. जास्तीचं सामान नांदीला ठेवता येतं. प्लग चारही देशांत ऑस्ट्रेलियन पद्धतीचा.

घरून लाडू, चिवडा, मेतकूट न्यायला हरकत नाही, पण उतरताना भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत असं लिहायलाच हवं. बेटांची शेती बाहेरच्या किडीपासून जपायची असल्याने तपासणी कडक असते. लेबल असलेली बंद पाकिटं सहसा सुटतात, घरचं तूप, लोणचं, ताजी फळं किंवा बियाणं काढून घेतलं जाण्याची शक्यता असते. लिहून दिलं तर फार तर पदार्थ जातो. लपवलं तर दंड होतो.

विम्यात दोन गोष्टी शोधा: आजारी पडल्यास विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च, आणि विमान कंपनी बंद पडल्यास मिळणारी भरपाई. फुनाफुतीत गंभीर काही झालं तर रुग्णाला फिजीला न्यावं लागतं आणि तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही.

पैसे भरण्याचा क्रम असा: आधी फुनाफुतीतली खोली, मग फुनाफुतीचं विमान, मग सामोआ आणि व्हानुआतू, मग विमा, आणि मुंबई–नांदी सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंना दोन-दोन रात्री सोडून. मोठं तिकीट आधी स्वस्तात दिसतं म्हणून घेऊन ठेवण्याचा मोह होईल, पण त्याची तारीख बदलायचा दंड बेटांवरच्या एखाद्या तिकिटाएवढा असू शकतो.